सुगतला सुई लावायची नाही

सिद्धांतला खोटं बोलता येत नाही. लहानपणी मीच त्याला ती सवय लागू दिली नाही, आणि आता तो चाळिशीला आला तरी मला त्याचा फायदा होतो. रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"आई, तू आज येऊ नकोस. म्हणजे ये, पण दुपारनंतर ये."

"का रे?"

"असंच यार, आम्ही जरा बाहेर चाललोय."

"पाच महिन्यांच्या पोराला घेऊन? या थंडीत?"

पलीकडून फक्त सुगतचं रडणं ऐकू आलं. सुगत माझा नातू. संध्याकाळ झाली की त्याचं रडणं सुरू व्हायचं ते रोजचंच होतं, पण हे सकाळचं रडणं नवीन होतं आणि चांगलंच खणखणीत होतं.

"सिद्धांत, कुठं चाललाय तुम्ही?"

"डॉक्टरकडे."

"कुठल्या डॉक्टरकडे?"

"आहेत एक मॅडम. अ‍ॅक्युपंक्चर करतात. लहान बाळांना पण करतात. मयुराने चायनामध्ये बघितलंय..."

माझ्या हातातला चहाचा कप टेबलावर कधी आदळला ते मला कळलंही नाही. माझी मुलगी मैत्री आतून धावत आली. दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं हे सरकारी क्वार्टर तिचं, निवृत्त झाल्यापासून मी तिच्याकडेच असते. "काय झालं?" तिनं विचारलं.

"तुझा भाऊ पोराला सुया टोचून घ्यायला निघालाय!" असं तिला सांगून मी फोनवर ओरडले, "लोकेशन पाठव!"

आणि त्यानं पाठवलं. असा माझा मुलगा आहे.

आता माझ्याबद्दल एवढं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी उगाच तापट आहे. तापट आहेच, पण उगाच नाही. माझा जन्म अमरावतीकडच्या एका खेड्यातला. मी काही महिन्यांची असताना माझं पोट फुगलं, तर माझ्या बापाच्या आईनं विळा चुलीत लाल केला आणि माझ्या पोटावर चटके दिले. तिकडे तेव्हा तोच उपाय होता. ते डाग माझ्या पोटावर अजून आहेत. माझी आई सांगायची की डागताना ती बाई स्वतःच रडत होती. मला ते ऐकून जास्तच चीड यायची. रडतेस तर डागतेस कशाला? तिला मी कधी आजी म्हटलं नाही, तिचं नावही कधी घेतलं नाही. पुढं आम्ही बाबासाहेबांच्या वाटेनं शिकलो, मी दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसरपर्यंत पोचले, आणि आमच्या घरात अंगारा, गंडा, दृष्ट, मिठमोहऱ्या काही म्हणजे काही शिरू दिलं नाही. आणि आता गुरुग्रामच्या बाविसाव्या मजल्यावर राहणारी माझी सून माझ्या नातवाला चिनी सुया टोचायला निघाली होती! तळपायाची आग मस्तकात गेली नसती तर नवल.

शाल ओढली, विणकामाची पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाले. पिशवीचं काही काम नव्हतं, पण थंडीत ती नसली की मला हात रिकामे वाटतात. दिल्लीनं मला दोन गोष्टी शिकवल्या, एक भांडण आणि दुसरं विणकाम. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॉनवर आम्ही सगळ्या बायका उन्हात बसायचो, संत्री सोलायचो आणि विणायचो. गुलाटी मॅडमनी मला दोन रंगांचं विणायला शिकवलं, पुढं नक्षी दिसते आणि मागून नको असलेल्या रंगाचे दोरे सरकत जातात. शुक्रवारी मी सुगतला तसलेच मोजे घालून आले होते. निळ्या रंगावर पांढरी पिंपळपानं. तोंडभर कौतुक करून घेतलं होतं मी त्यांचं.

बाजारात रविवारची गर्दी उसळली होती. स्वेटरवाले ओरडत होते, पोरी जॅकेटांच्या ढिगात खांद्यापर्यंत घुसल्या होत्या. मी कोपरानं वाट काढत मेट्रोत पोचले, तर तपासणीच्या मशीनमध्ये पिशवी अडकली.

"आंटी, इसमें ये नुकीला क्या है?" वर्दीतल्या मुलीनं विचारलं.

"सलाइयाँ हैं बेटा. बुनने की."

"इतनी सारी?"

तिनं सगळं बाहेर काढलं. लोकरीचे गुंडे, लांब सुया, आखूड सुया, आणि क्रोशाची ती बारीक पोलादी सुई, जिच्या टोकाला आकडा असतो. मागे रांग खोळंबली. मी सुया थांबवायला निघाले होते आणि सुयांपायीच मला थांबवलं होतं. माझं मलाच हसू आलं असतं, पण तेवढी सवड कुणाला होती!

"बेटा, मेरे पोते को सुई लगा देंगे, जल्दी करो!"

"तो लगने दो ना आंटी, टीका तो ज़रूरी है," ती लस समजून म्हणाली आणि पिशवी परत दिली.

आयएनए स्टेशनवर गाडी बदलली. पिवळ्या लाइनवर बसायला जागा मिळाली, पण मला बसवेना. दारापाशी उभी राहून मी मयुराला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती. माझी सून वाईट नाही हो. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनीनं तिला ट्रेनिंगसाठी चीनमध्ये ठेवलं होतं. तिथं आया बाळांना मांडीवर घेऊन दवाखान्यात बसतात, सुई आत आणि लगेच बाहेर, रडायलाही पोराला वेळ मिळत नाही, असं ती एकदा जेवताना सांगत होती. मी तेव्हा म्हटलं होतं, "तिकडचं तिकडे." त्यावर ती काही बोलली नव्हती. मला वाटलं तिला पटलं!

गुरुग्रामला उतरून टॅक्सी केली. चौकातला लाल दिवा हिरवा होईना. मी ड्रायव्हरच्या सीटला मागून हात लावून "चलो भैया, चलो" करत होते, जणू तो बैलगाडी हाकत होता. शेवटी एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर ती पाटी दिसली. काचेचं दार ढकललं. काउंटरवरची मुलगी "मैम, अपॉइंटमेंट?" म्हणेपर्यंत मी आतल्या खोलीत पोचलेसुद्धा.

आत हीटर चालू होता. मयुरा खुर्चीत बसली होती, मांडीवर सुगत, रडून रडून लालबुंद. सिद्धांत शेजारी उभा, मला बघून त्याचा चेहरा शाळेत पकडल्यासारखा झाला. समोर एक चाळिशीतली बाई, साधा स्वेटर, केस मागे बांधलेले. तिनं सुगतचं पहिलं बोट आपल्या दोन बोटांत धरलं होतं आणि उजेडात त्याची कड निरखत होती. बाजूच्या ट्रेवर सुयांची पाकिटं होती.

"थांबा!" मी ओरडले. "याला सुई लावायची नाही!"

"आई, प्लीज," मयुरा म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. "दोन दिवस झाले, दिवसरात्र रडतोय. संध्याकाळचं नाही, आता सतत. बाळाच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले गॅस असेल, ड्रॉप्स द्या, सोमवारी आणा. सोमवारपर्यंत मी काय करू, सांगा ना?"

"म्हणून टोचायचं? कसलाही आधार नाही, पुरावा नाही! तू इंजिनिअर आहेस ना?"

"आणि तुम्ही ग्राइप वॉटर दिलंत त्याला काय पुरावा होता?"

माझ्या सुनेला तोंड आहे, हे मी नेहमी मान्य करते. पण त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. मी शाल बाजूला केली, साडी नाभीखाली सारली आणि दोघींसमोर पोट उघडं टाकलं. "हा बघा पुरावा! माझ्या घरच्यांनीही मला बरं करायलाच हे केलं होतं!"

मयुरानं ते डाग कधी पाहिले नव्हते. सिद्धांतनं मान खाली घातली.

त्या बाई मात्र दचकल्या नाहीत. त्यांचं नाव डॉक्टर वृंदा. जुन्या दिल्लीच्या, चीनमध्ये डॉक्टरकी शिकलेल्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या पोटाकडेही पाहिलं आणि म्हणाल्या, "नहीं लगाऊँगी, आंटी. आप नहीं चाहतीं तो बिल्कुल नहीं. पर देख तो लेने दीजिए. बच्चा बहुत रो रहा है."

"क्या देखोगी?"

"जो दिखे." त्यांनी सुगतचं बोट मला दाखवलं. एवढ्या लहान बाळाची नाडी मनगटावर मोठ्यांसारखी बघत नाहीत, तर या बोटाच्या कडेची शीर बघतात, ती कुठवर चढली आहे, रंग कसा आहे, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. मोठ्यांना सुया ठेवून देतात, बाळाला नाही, बाळाला नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. "किसी को फ़र्क पड़ता है, किसी को नहीं. मैं जादूगर नहीं हूँ."

हे मला आवडलं. दावा न करणारा माणूस मला नेहमी आवडतो. तरी मी ट्रेच्या आणि सुगतच्या मध्ये उभी राहिले.

"पैर से शुरू करती हूँ," डॉक्टर वृंदा म्हणाल्या. "मोज़े उतार दीजिए."

मयुरा थबकली. "मोजे? आई म्हणाल्या होत्या काढायचे नाहीत. थंडी पायातून शिरते म्हणून. आम्ही शुक्रवारपासून काढलेच नाहीत, आंघोळही नाही, नुसतं पुसून घेतोय."

"हो, मीच म्हणाले होते," मी ठामपणे म्हणाले. "गुरुग्रामची थंडी काय साधी आहे?"

डॉक्टरांनी डावा मोजा सरकवून काढला. पाऊल गुलाबी, सुंदर. उजवा काढायला गेल्या तर मोजा निघेना. त्यांनी जरा ओढला आणि सुगत असा किंचाळला की माझ्या काळजात चर्र झालं. त्यांचा हात तिथंच थांबला.

"कैंची," त्या म्हणाल्या.

मोजा घोट्यापासून उभा कापला. पिंपळपानं दोन्हीकडे उघडी पडली. आणि आत, माझ्या सुगतचं करंगळीशेजारचं बोट जांभळं, टम्म फुगलेलं, आणि त्याच्या बुडाशी एक खाच. त्या खाचेत पांढरी लोकर बसली होती. मोज्याच्या आतून सरकणारा दोरा सुटला होता आणि बोटाभोवती वेढे घेऊन आवळला होता. पोर पाय झाडत होतं आणि प्रत्येक झाडण्याबरोबर तो आणखी आवळत होता. शुक्रवारपासून.

"बापरे," सिद्धांत म्हणाला आणि भिंतीला टेकला.

"आई गं..." मयुरा म्हणाली. एवढंच. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि मला ते बघण्यापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टर वृंदांनी काउंटरवरच्या मुलीला हाक मारून जवळच्या हॉस्पिटलला कळवायला सांगितलं. "पर इतनी देर नहीं रुकूँगी. धागा अभी ढीला करना है." त्यांनी एका हातात भिंग धरलं, एक पाकीट फोडलं, केसासारखी बारीक सुई घेतली आणि दोऱ्याखाली सरकवायला बघितली. सुई वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. कात्रीचं टोक खाचेत जाईना. फुगलेल्या मांसात दोरा दिसेनासा होत होता. सुगतचा आवाज बसत चालला होता, आणि तो बसलेला आवाज मोठ्या रडण्यापेक्षा भयंकर होता.

"कुछ पतला चाहिए, पर मज़बूत. जिसमें हुक हो," त्या पुटपुटल्या.

माझे हात माझ्याआधी पिशवीत गेले. क्रोशाची पोलादी सुई. त्यांनी ती स्पिरिटनं पुसली, आगीवरून फिरवली, थंड केली, भिंगाखाली धरली आणि विचारलं, "आंटी, ये बुनाई आपकी है ना? धागा किस तरफ़ लिपटा होगा? सिरा कहाँ होगा?"

मी वाकले. डोळ्यांत पाणी होतं, दिसेना. पदरानं डोळे पुसले. माझी वीण मला आंधळेपणीही कळते. कापलेल्या मोज्याच्या आतून पांढरा दोरा कुठून सुटला ते मी पाहिलं, एका पानाच्या देठापासून, म्हणजे तो अंगठ्याच्या बाजूनं आला असणार आणि बोटाच्या वरून खाली गेला असणार. सगळ्यात वरचा वेढा बोटाच्या खालच्या अंगाला, तिथंच जरा सैल.

"इधर से," मी बोटानं दाखवलं.

"मेरे एक हाथ में लेंस है, एक में कैंची," त्या म्हणाल्या. "पैर ये पकड़ेंगे. हुक आप डालिए."

मी?

मी मयुराकडे पाहिलं. आता ती माझ्याकडे बघत होती. तिनं सुगतला छातीशी घट्ट धरलं, सिद्धांतनं पाऊल पकडलं. आणि ती म्हणाली, "आई, घाला."

मी माझ्या नातवाच्या पायात सुई घातली. त्या खाचेत, त्या जांभळ्या मांसात, दोऱ्याखालून. तो किंचाळला. मी रडत होते, अगदी मोठ्यानं, लहान मुलीसारखी, पण हात हलू दिला नाही. आकड्यात काहीतरी अडकलं. उचललं. "मिला!" मी ओरडले. कात्री कच्चकन वाजली. एक वेढा तुटला. "फिर से!" पुन्हा खाली, पुन्हा किंचाळी, पुन्हा उचललं. तुटला. शेवटचा वेढा खोल होता, तो आकड्यावर आला तेव्हा थोडं रक्तही आलं. कात्री वाजली आणि पांढरा दोरा लालसर होऊन माझ्या हातात सुटून आला.

सगळे त्या बोटाकडे बघत होतो. जांभळं होतं, जांभळंच राहिलं. मग कडेनं, अगदी कडेनं, एक लाली सरकली. डॉक्टर वृंदांनी बोटाचं टोक दाबलं, सोडलं. पांढरं झालं आणि परत लाल भरलं.

"आ रहा है!" त्या हसल्या. "ख़ून आ रहा है!"

"आ रहा है!" काउंटरवरची मुलगीसुद्धा दारातून ओरडली. सिद्धांत हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. सुगतनं एक लांब हुंदका दिला, मयुराच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि गप्प झाला. दोन दिवसांत पहिल्यांदा. अहो, एवढी सुंदर शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

तरी डॉक्टर वृंदांनी आम्हाला थांबू दिलं नाही. "अंदर कोई धागा रह गया हो तो? सर्जन को दिखाना ज़रूरी है," असं म्हणत त्यांनी आम्हाला हाकललं. हॉस्पिटलमध्ये भिंगाखाली पुन्हा बघितलं, जखम धुतली, मलम लावलं. सर्जन म्हणाले, बोट वाचलं, वेळेवर आणलंत, आता रोज दाखवायला आणा. सिद्धांतनं त्या अनोळखी माणसाला मिठीच मारली.

दुपारी घरी आलो. बाविसाव्या मजल्याच्या गॅलरीत ऊन आलं होतं. धुकं उतरलं होतं, खाली गाड्या चालताना दिसत होत्या. सुगत मयुराच्या मांडीवर उघड्या पायांनी झोपला होता, एका बोटाला छोटीशी पट्टी. मी माझी पिशवी उघडली आणि लोकरीचे गुंडे, सुया, सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकायला उठले.

"काय करताय?" मयुरानं विचारलं.

"बास झालं. आता या हातात सुई धरायची नाही."

"आई, बसा इकडे."

मी बसले. ती रागावेल असं वाटत होतं, आणि खरं सांगते, मला तिनं रागवावं असं वाटत होतं. माझ्या कौतुकाच्या मोज्यांनी, माझ्या "काढायचे नाहीत" या हुकमानं तिच्या पोराचं बोट जाणार होतं. मी तसं तिला सांगितलंही, सरळ. काही आडपडदा ठेवला नाही.

तिनं सुगतच्या बोटावरची पट्टी हळूच चाचपली. मग म्हणाली, "मला खूप राग आलाय. उद्याही येईल. पण मोजे मीही नाही काढले, आई. बघायचं मलाही सुचलं नाही. तुम्ही सांगितलंत ते प्रेमानं सांगितलंत, एवढंच मला कळत होतं." तिनं पिशवीतून निळा गुंडा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "टोपी करा. एका रंगाची. आत दोरे नकोत."

मी तो गुंडा हातात घेऊन बसले. माझ्या पोटावरचे डाग साडीखाली होते, ते खाजत नाहीत की दुखत नाहीत, पण त्या दुपारी मला ते जाणवत होते. चुलीपुढं बसलेली ती बाई मला दिसत होती. माझ्या किंकाळीबरोबर ती रडली असेल, मोठ्यानं, आणि तरी हात हलू दिला नसेल, कारण पोरगी जगली पाहिजे एवढंच तिला माहीत होतं. माझी आई सांगत होती, आणि मी सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. तिचं चुकलंच होतं. विळा चुकीचाच होता, आजही मी तेच म्हणेन, शंभर लोकांपुढे म्हणेन. पण ती रडत होती.

"आई," मयुरानं हळूच विचारलं, "ते डाग... ज्यांनी दिले त्यांचं नाव काय होतं?"

माझ्या तोंडून ते नाव आयुष्यात कधी निघालं नव्हतं.

"कौतिका," मी म्हणाले. "कौतिकाआजी. माझी आजी."

आणि मी सुईवर पहिला टाका घातला.